क्रमशः कादंबरी व तिचे सामूहिक वाचन

क्रमशः कादंबरी व तिचे सामूहिक वाचन : एखादी दीर्घ कादंबरी एकदम ग्रंथरूपाने प्रसिद्ध न करता नियतकालिकातून किंवा स्वतंत्र अंकांतून ठराविक मुदतीने थोडीथोडी प्रसिद्ध करणे, म्हणजे क्रमशः प्रकाशन. या पद्धतीचा विचार बहुधा प्रकाशनव्यवसायाच्या किंवा लेखकाच्या अंगाने केला जातो. परंतु तिला एक तिसरे अंगही आहे. असा अंक घरात किंवा आळीत एकजण मोठ्याने वाची आणि इतर ऐकत. त्यामुळे ज्यांना अक्षरओळख नव्हती, तेही कादंबरीचे वाचकच ठरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात कादंबरी हा नवा वाङ्‌मयप्रकार रुजला, त्यात या श्राव्य वाचनाचा वाटा मोठा आहे.

या पद्धतीला खरे बळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये मिळाले. त्या काळी नवी कादंबरी सामान्यतः तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. ही रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबालाही जड जाई. चार्ल्स डिकिन्झच्या ‘पिक्‌विक पेपर्स’चा पहिला मासिक भाग एप्रिल १८३६ मध्ये एक शिलिंग किमतीला निघाला व नोव्हेंबर १८३७ मध्ये शेवटचा जोडभाग निघून ती पूर्ण झाली. प्रारंभी काही शेकड्यांवर असलेला तिचा खप अखेरीस चाळीस हजारांपर्यंत गेला. मूळ योजनेत चित्रकाराला प्राधान्य होते व मजकूर चित्रांना जोडून यावयाचा होता. पण आरंभीच चित्रकार रॉबर्ट सीमूर याने आत्महत्या केली आणि लेखक प्रमुख झाला. पुढे थॅकरीची ‘व्हॅनिटी फेअर’ (१८४७–४८) याच मासिक पद्धतीने निघाली. जॉर्ज एलियटची ‘मिडल्‌मार्च’ (१८७१–७२) आठ भागांत प्रसिद्ध झाली. त्या भागांची किंमत व त्यांमधील अंतर अधिक होते. एक कादंबरी दीड-दोन वर्षे चाले आणि तेवढा काळ वाचकाच्या आयुष्यात तिचे वास्तव्य असे. कथेतील मूल मोठे होई, तसे वाचकाच्या घरातलेही.

डिकिन्झचा चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने नोंदविलेली एक हकीकत या संदर्भात बोलकी आहे. तपकिरीच्या दुकानावर काही भाडेकरू राहत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेथे चहापान होई आणि घरमालक ‘डाँबी अँड सन’चा (१८४६–४८) त्या महिन्याचा भाग सर्वांना वाचून दाखवी. वर्गणी देणाऱ्यांनाच चहा मिळे. वाचन मात्र सर्वांसाठी खुले असे. त्या घरात राहणारी व धुण्यापुसण्याची कामे करणारी एक वृद्ध स्त्री अशा रीतीने ती कादंबरी ऐकत होती. तिला वाचता येत नव्हते. लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्या आणि कादंबरी ग्रहण करणाऱ्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या हकीकतीवरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते पुस्तक. ऐकण्याची रीत जुनीच होती. चातुर्मासात किंवा श्रावणात घरी अथवा देवळात पोथी लावण्याचा प्रघात सर्वत्र होता. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ओवीबद्ध ग्रंथ यासाठी विशेष लोकप्रिय होते. वाचक पाटावर बसून रोज नेमाने अध्याय वाची. कठीण स्थळी अर्थ सांगितला जाई. आणि अध्याय संपला की पोथी बांधून ठेवली जाई. पुढचा भाग उद्या. श्रोत्यांमध्ये स्त्रियांचा भरणा अधिक असे व त्यांत विधवा स्त्रिया प्रामुख्याने असत. कथा तुकड्यातुकड्याने ऐकणे, मधल्या काळात तिच्याविषयी बोलणे, ठरलेल्या वेळी पुन्हा एकत्र जमणे, हे सर्व शिक्षण मराठी समाजाला कादंबरीच्या कितीतरी आधी मिळाले होते. फरक होता तो एवढाच, की पोथीतील कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असे. द्रौपदीचे वस्त्रहरण ऐकताना डोळ्यांना पाणी येई, तरी कृष्ण धावून येणार याबद्दल शंका नसे. कादंबरीतील दुर्दैवी मुलीला कोणी सोडविणार की नाही, हे वाचणाऱ्यालाही माहीत नव्हते.

मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्या ग्रंथरूपानेच अवतरल्या. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही त्यांची ठळक उदाहरणे. क्रमशः प्रकाशनाचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) यांची ‘मोचनगड’ ही होय. १८६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून ती क्रमशः येऊ लागली व १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. शिवकालावर आधारलेली कथा, गंभीर निबंध व ग्रंथपरीक्षणे यांच्या शेजारी महिन्यामहिन्याने येत होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे; कादंबरी म्हणजे हलकी करमणूक असा समज असलेल्या सुशिक्षितांच्या बैठकीत तिला त्यामुळे जागा मिळाली.

असे अंक पोचत कोठपर्यंत, हा प्रश्न टपाल आणि रस्ते यांच्याशी निगडित आहे. १८५४ च्या टपाल कायद्याने अंतराचा विचार न करता वजनावर आकारणी सुरू झाली. १८७७ पासून टपालखात्याने मूल्यदेय पद्धत, म्हणजे व्ही.पी., आणि १८८० पासून मनिऑर्डर सुरू केली. त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वर्गणीदाराला मुंबई-पुण्याच्या संपादकाकडे पैसे पाठविणे सोपे झाले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दौंड व शिरूर ही दोन गावे या दृष्टीने तुलनेस योग्य आहेत. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ मध्ये भीमाकाठच्या दौंडवरून दिक्सळपर्यंत गेला; १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू होऊन दौंड हे जंक्शन बनले. पुण्यापासून लोहमार्गाने सु. ७५ किमी. असलेल्या या गावी पुण्यातील अंक आगगाडीने काही तासांत येऊ शके. शिरूर ऊर्फ घोडनदी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) रस्त्यावर, पुण्यापासून सु. ६७ किमी. वर, पण तेथे लोहमार्ग नव्हता आणि टपाल रस्त्यानेच येई. उलट शिरूरला जुन्या लष्करी छावणीची व १८४१ पासून असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या केंद्राची पार्श्वभूमी होती. या मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघाले होते. शिवाय शिरूर ज्या दोन शहरांच्या मध्ये आहे, त्या दोन्ही ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालये लवकर स्थापन झाली होती : अहमदनगरला १८३८ मध्ये व पुण्याला १८४८ मध्ये. पुण्याचे ग्रंथालय आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते. तालुक्याच्या गावी नियतकालिकांचा वर्गणीदार म्हणजे सामान्यतः कचेरीतील कारकून, शाळेचा हेडमास्तर, वकील किंवा रेल्वेतील नोकर. अंक एक येई. तो हातोहात फिरे आणि घरात मोठ्याने वाचला जाई.

या साऱ्या परिस्थितीचा पुरेपूर उपयोग हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी केला. गणितात अडखळल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही. मराठी वाचकाला मात्र ही गोष्ट लाभदायकच ठरली. त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी १८८५ पासून ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यावर इंग्रज कादंबरीकार रेनल्ड्झ याच्या कथेची छाया असली, तरी पुण्यातील सुशिक्षित तरुणांचे व्यसनी व दुटप्पी जीवन हा तिचा विषय त्यांचा स्वतःचा होता. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले व ते १९१७ पर्यंत चालविले. ‘केसरी’ (१८८१) व ‘सुधारक’ (१८८८) ही पत्रे जे काम प्रखर वाणीने करीत, ते घरातील माणसांशी गोडीने बोलून करावे, अशी ‘करमणूक’ची भूमिका होती. घरातील माणसे म्हणजे अर्थातच बायका व मुले. मासिकाऐवजी साप्ताहिक निवडल्यामुळे प्रतीक्षेचा काळ महिन्यावरून आठवड्यावर आला आणि कथेची ओढ पोथीच्या नेमाच्या अधिक जवळ गेली.

‘पण लक्षात कोण घेतो !’ ही आपट्यांची कादंबरी ‘करमणुकी’च्या आरंभापासून येऊ लागली व १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. यमुना नावाच्या ब्राह्मण मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ही आत्मकथा आहे : बालपण, लग्न, समजूतदार नवऱ्याच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य, सक्तीने झालेले केशवपन आणि अकाली अंत. मराठीतील पहिल्या कादंबरीची नायिकाही यमुनाच होती व तिचा विषयही विधवांची दुःस्थिती हाच होता. परंतु पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर फिरत इतरांची दुःखे पाहते, तर आपट्यांची यमुना स्वतःचे दुःख सांगते. ‘मी’ या प्रथमपुरुषी निवेदनाचा परिणाम एकट्याने मुकाट्याने वाचताना जितका होईल, त्याहून मोठ्याने वाचताना अधिक होतो. वाचणारा मुलगा असो वा दीर, त्याला यमुनेचा ‘मी’ स्वतःच्या आवाजात उच्चारावा लागे. आणि ऐकणाऱ्यांमध्ये भिंतीला टेकून बसलेली, लाल आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा काकू असे. जे त्या घरात कोणी बोलत नव्हते, ते तेथे मोठ्याने वाचले जात होते.

काळही तसाच होता. रखमाबाईंच्या खटल्याची (१८८४–८८) चर्चा ताजी होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. विवाहितेच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक मार्च १८९१ मध्ये मंजूर झाले व त्याच्या आधी काही महिने पुण्यात सभा, प्रतिसभा व वर्तमानपत्री वाद यांनी वातावरण तापले होते. या वादात शास्त्रार्थ सांगणारे, कायदा सांगणारे आणि राष्ट्राभिमान सांगणारे सर्व बहुतांशी पुरुष होते. ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्यांना तो वृत्तपत्रांतून वाचता येत नव्हता. ‘करमणुकी’च्या अंकातील यमुनेची हकीकत मात्र त्यांच्यापर्यंत माजघरात पोचली. कादंबरीमुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कायद्याने ज्या घरात शिरकाव केला नाही, त्या घरात ती शिरली, हे नाकारता येणार नाही.

स्त्रियांच्या वाचनाला घरातून होणारा विरोध लक्षात घेतल्यावाचून या गोष्टीचे महत्त्व कळत नाही. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत (१९१०) त्याचे वर्णन केले आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पत्नीला शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी तिला सतत टोचून बोलण्यात कसूर केली नाही. पोथी वाचणाऱ्या सुनेचे कौतुक होई. पुस्तक वाचणारी सून बिघडलेली ठरे. सर्वांसमक्ष मोठ्याने होणारे वाचन या दोहोंच्या मधले होते. त्याला पोथीची प्रतिष्ठा नव्हती, तरी एकांतात पुस्तक घेऊन बसण्याइतके ते आक्षेपार्ह वाटत नसे.

सहवाचनाचे दुसरे व अधिक जवळिकीचे उदाहरण काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे आहे. लग्नानंतर पती गोविंदराव यांच्या इच्छेखातर त्या नेटाने शिकल्या. गोविंदराव स्वतः साहित्यप्रेमी होते. आपटे हे या दांपत्याचे निकटचे स्नेही. पुस्तके एकमेकांना देणे, वाचलेल्यावर पत्रांतून चर्चा करणे, लिहिलेले एकमेकांना दाखविणे असा त्यांचा परिपाठ होता. स्त्रियांच्या अंतर्गृहातील जीवनाची जी बारीक माहिती आपट्यांच्या कादंबऱ्यांत आढळते, तिचा काही भाग काशीबाईंकडून मिळालेला आहे. हरिभाऊंची पत्रे काशीबाईंनी पुढे प्रसिद्ध केली. काशीबाईंची स्वतःची ‘रंगराव’ ही कादंबरीही प्रथम मासिकातून क्रमशः येऊ लागली होती. ऐकणारी स्त्री वाचू लागली आणि वाचणारी लिहू लागली, हा प्रवास त्यांच्या एका आयुष्यात घडला.

तथापि ‘करमणुकी’चे माजघर हे मुख्यतः ब्राह्मण व तत्सम सुशिक्षित कुटुंबांतले होते, हे विसरून चालणार नाही. शिरूर व तत्कालीन भीमथडी तालुक्यांतील, म्हणजे आजच्या दौंड-बारामती भागातील, बहुसंख्य लोक कोरडवाहू शेतीवर जगणारे होते आणि त्यांची कथा वेगळी होती. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले आणि हे लोण शिरूर तालुक्यासह आसपास पसरले. पाठोपाठ १८७६–७७ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारांपासून काही संरक्षण देणारा कायदा १८७९ मध्ये झाला, तो या घटनांनंतरच. या जगाची कादंबरीही क्रमशःच अवतरली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ (१८७७) पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांची ‘बळीबा पाटील’ ही कादंबरी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ मासिकातून येऊ लागली. दुष्काळाच्या काळातील ग्रामीण जीवन तिच्यात आले असून मराठीतील पहिली ग्रामीण कादंबरी म्हणून अलीकडील अभ्यासक तिच्याकडे पाहतात. ‘पण लक्षात कोण घेतो !’च्या दोन वर्षे आधी ती सुरू झाली होती. पण वाङ्‌मयेतिहासात तिला जागा मिळण्यास जवळजवळ शतक जावे लागले. याचे एक कारण उघड आहे. आपट्यांच्या कादंबऱ्या अंकांतून पुस्तकांत गेल्या, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या व त्या शाळा-ग्रंथालयांत टिकल्या. ज्या नियतकालिकांना असा आधार नव्हता, त्यांचे अंक वाचून, ऐकून जीर्ण झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांतील कथाही विस्मृतीत गेल्या. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ साप्ताहिकरूपात पुन्हा सुरू केला व अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून तो दीर्घकाळ चालविला. खेड्यात छापलेले पत्र खेड्यातच वाचले जावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती.

क्रमशः लेखनाचे दोषही कादंबरीला चिकटले. अंकाची जागा भरावयाची असल्याने संभाषणे लांबत, मागील प्रकरणाचा सारांश पुन्हा पुन्हा येई, एखादे पात्र लेखकाच्या विस्मरणामुळे अनेक महिने बेपत्ता होई. आपट्यांच्या पाल्हाळाबद्दल टीकाकारांनी त्यांना दोष दिला आहे व तो अस्थानी नाही. परंतु पुनरुक्तीचे एक कारण श्रोतृवर्गातही होते. मागच्या आठवड्याच्या वाचनास जी मुलगी किंवा जी पाहुणी हजर नसे, तिला कथेचा धागा हाती लागावा म्हणून थोडी उजळणी आवश्यकच असे. पोथीवाचकही तेच करी. दुसरा धोका अधिक गंभीर होता. अंक छापखान्यात जाईपर्यंत पुढचे प्रकरण लिहिलेले नसे. लेखक आजारी पडला, पत्राची आर्थिक स्थिती ढासळली किंवा कथानकच अडले, की कादंबरी थांबे. डिकिन्झची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ १८७० मध्ये त्याच्या मृत्यूमुळे बारांपैकी सहा भागांवर थांबली. आपट्यांच्या ‘आजच’ व ‘कर्मयोग’ या कादंबऱ्याही अपूर्ण राहिल्या. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा शेवट इतिहासाने ठरवून दिलेला होता, त्या अर्ध्यावर थांबल्या असत्या, तरी श्रोत्यांना तो ठाऊक होता. सामाजिक कादंबरी अर्ध्यावर सुटली, की तिच्यातील मुलीचे पुढे काय झाले, हे श्रोत्यांना आपापसांतच ठरवावे लागे.